कालाहारीचे शिकारी भुंगेरे

आफ्रिकेच्या दक्षिण भागातील कालाहारीच्या तप्त वाळूत लांब टांगा टाकीत धावणारा, सुमारे पाच सेंटिमीटर लांबीचा अँथिया हा काळाकभिन्न भुंगेरा आता तेथून हजारो मैलांवर, शौकिनांच्या घरी काचपेट्यांतही नांदतो. पुढ्यात रातकिडा सोडताच तो क्षणभर स्तब्ध होतो, मिशा रोखतो आणि झडप घालून त्याला जबड्यांत धरतो; मग पाचक रसाने भक्ष्याचे मांस विरघळवून तो ते असे शोषून घेतो, की शेवटी पंख, तंगड्या आणि थोडासा चोथा एवढाच ऐवज वाळूवर उरतो.

आत्मरक्षणार्थ तो पोटाच्या टोकातून फॉर्मिक आम्लाची चिळकांडी उडवतो, व ती डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होऊ शकते, म्हणून जाणता पालक चष्मा लावल्यावाचून पेटी उघडीत नाही. या अस्त्राचा दरारा केवढा, हे ह्यूई आणि पियांका या शास्त्रज्ञांनी 1977 मध्ये दाखवून दिले: कालाहारीतील एका सरड्याची काळी-पांढरी पिल्ले पाठीची कमान करून, ताठरपणे, हुबेहूब या भुंगेऱ्यासारखी चालतात, आणि मोठी होऊन वाळूचा रंग धारण करताच ते सोंग टाकून देतात. सृष्टीतील इतके विलक्षण अनुकरण मला तरी दुसरे ठाऊक नाही.

पालनाचा बंदोबस्त त्या मानाने साधा आहे. वाळूचा जाड थर, एका बाजूस दिव्याची ऊब, एका कोपऱ्यात किंचित ओल, लपावयास झाडाची साल, आणि शक्यतो एका पेटीत एकच जीव, कारण सहवासी केव्हा भक्ष्य ठरेल याचा नेम नसतो.

खरी अडचण संततीची आहे. याचाच आप्त, अजस्र जबड्यांचा व उडता न येणारा मँटिकोरा, बालपणी जमिनीतील उभ्या बिळात राहतो. अळी आपल्या चपट्या डोक्याने बिळाचे तोंड बुजवून बसते, पाठीवरील आकड्यांनी भिंतीला घट्ट धरून ठेवते आणि जवळून जाणारा किडा आत ओढते. असे बिळातले आयुष्य काचपेटीत घडवून आणणे अतिशय दुष्कर असल्यामुळे विकावयास येणारे भुंगेरे बहुधा रानातूनच धरलेले असतात, आणि माझ्या मते ज्याला ही गोष्ट खटकत नाही, त्याने हा छंद करू नये. दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने 2007 च्या नियमावलीत मँटिकोराच्या सर्व जाती संरक्षित ठरवल्या असून परवान्यावाचून त्यांना पकडण्यास मनाई आहे.

मराठी वाचकाला या कुळाचे दर्शन घेण्यास समुद्र ओलांडण्याचे प्रयोजन नाही. अँथियाचाच एक भाऊबंद, काळ्या अंगावर सहा शुभ्र ठिपके मिरवणारा, भारताच्या कोरड्या माळांवर हिंडतो. आम्लाची चिळकांडी मात्र तोही मारतो, तेव्हा न्याहाळावे ते हातभर दूर राहून, वाकून तोंड जवळ न नेता.