ओउलू : उत्तरेचे तंत्रनगर

आर्क्टिक वृत्तापासून दोनशे किलोमीटरच्या आत, सुमारे दोन लाख वस्तीचे फिनलंडमधले हे बंदर एकेकाळी डांबराच्या व्यापारावर जगायचे.

तंत्रनगराचा पाया घातला शिक्षणाने. १९५८मध्ये विद्यापीठ आले, १९७४मध्ये ‘व्हीटीटी’ या सरकारी संशोधन संस्थेची इलेक्ट्रॉनिक्स प्रयोगशाळा आणि १९८२मध्ये तंत्रज्ञान उद्यान. नोकियाही इथे विस्तारली. इंटरनेटवर गप्पा मारण्याची ‘आयआरसी’ प्रणाली यार्को ओइकारिनेन यांनी १९८८मध्ये याच विद्यापीठात घडवली.

खरी कसोटी २०१४मध्ये लागली. नोकियाचा फोन व्यवसाय विकत घेतलेल्या मायक्रोसॉफ्टने इथले केंद्र बंद करायचे ठरवले आणि शेकडो नोकऱ्या गेल्या. तरी बिनतारी तंत्रज्ञानातले कौशल्य शहरातच टिकले. त्यातून नव्या कंपन्या उभ्या राहिल्या.

२०१८पासून ओउलू विद्यापीठ ६जी संशोधनाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाचे नेतृत्व करत आहे.