नाण्याचे मोल

पालघरहून आगगाडी उत्तरेस निघाली की उमरोळीनंतर बोईसर लागते, आणि बोईसरहून पश्चिमेस समुद्राकडे वळणारा रस्ता तारापूरला जातो. या टापूत आता कारखान्यांची दाटी झाली आहे; तथापि येथील बाजारपेठेतील सराफाची पेढी आपल्या जुन्या चालीनेच चालते. एखादी बाई अडचणीच्या वेळी घरातली पुतळ्यांची माळ मोडावयास आणते. सराफ ती तराजूत घालतो आणि तिचा कस पाहतो. कोणी तो कसोटीच्या दगडावर पाहतो, कोणी यंत्रावर. वजन किती व कस किती, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाली की व्यवहार संपला. माळ मुशीत जाते आणि थोड्याच वेळात तिचा एक पिवळाधमक गोळा होतो.

या पुतळीचा इतिहास मोठा मौजेचा आहे. व्हेनिस नगरात डुकाट नावाचे सोन्याचे नाणे पाडीत असत. ते व्यापाराबरोबर समुद्र ओलांडून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर येई. त्याच्या एका बाजूस संत मार्क व त्याच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा राज्यप्रमुख, तर दुसऱ्या बाजूस ख्रिस्ताची उभी आकृती असे. येथील लोकांना ही चित्रे पुतळ्यांसारखी भासली आणि नाण्याचे नाव ‘पुतळी’ पडले. पुढे येथील सोनारही तशा चकत्या घडवू लागले आणि त्यांवर आपल्या देवतांच्या आकृती आल्या. म्हणजे दागिन्याच्या एका नावात शेकडो वर्षांचा समुद्रव्यापार साठून राहिला आहे. तो तराजूला दिसत नाही. तो पाहावयाचा तर तिसराच प्रश्न विचारावा लागतो : हे नाणे कोणी पाडले, कोठे आणि केव्हा? वस्तुसंग्रहालयात हाच प्रश्न पहिला असतो.

परंतु वस्तुसंग्रहालयात शिरूनही ज्यांनी केवळ पहिले दोनच प्रश्न विचारले, अशा चोरांची एक हकीकत प्रसिद्ध आहे.

जर्मनीची राजधानी बर्लिन. तेथे स्प्री नदीच्या एका बेटावर अनेक संग्रहालये आहेत. त्यांपैकी बोडे संग्रहालय बेटाच्या अगदी टोकाशी उभे आहे. तेथील नाण्यांच्या दालनात एक प्रचंड सुवर्णनाणे ठेवलेले होते. कॅनडाच्या सरकारी टांकसाळीने ते २००७ मध्ये पाडले. त्याचे वजन १०० किलोग्रॅम, म्हणजे साडेआठ हजार तोळ्यांहून अधिक. व्यास ५३ सेंटिमीटर आणि जाडी सुमारे ३ सेंटिमीटर. एका बाजूस राणी एलिझाबेथ हिची मुद्रा, दुसऱ्या बाजूस मॅपल वृक्षाचे पान. नाण्यावर किंमत १० लाख कॅनडी डॉलर अशी होती. पण त्यातील सोनेच त्याहून कितीतरी अधिक किमतीचे होते. अर्थात हे नाणे बाजारात फिरण्यासाठी नव्हतेच. शंभर किलोचे नाणे घेऊन भाजी आणावयास कोण जाणार? आपल्या टांकसाळीचे कसब जगास दाखवावे, या हेतूने ते घडविले होते. अशी नाणी थोडीच पाडली गेली. त्यांपैकी एक त्याच्या खाजगी मालकाने बोडे संग्रहालयात प्रदर्शनासाठी ठेवले होते.

२७ मार्च २०१७ च्या पहाटे तीनच्या सुमारास चोर आले. संग्रहालयाला खेटूनच उंचावरून लोहमार्ग जातो. रात्रीच्या त्या वेळी गाड्या बंद असतात. चोर रुळांवरून चालत आले आणि शिडी लावून एका खिडकीतून आत शिरले. त्या खिडकीची धोक्याची घंटा नादुरुस्त होती. नाण्याभोवती बंदुकीच्या गोळीलाही दाद न देणारी काच होती. ती त्यांनी फोडली. नाणे एका चाके लावलेल्या फळीवरून खिडकीपर्यंत नेले आणि खाली ढकलून दिले. मग एकचाकी हातगाडीत घालून रुळांवरूनच नदीपार नेले आणि दोराच्या साहाय्याने पलीकडच्या बागेत उतरवून मोटारीतून पळविले. शंभर किलो म्हणजे तांदळाची दोन मोठी पोती. परंतु सोने इतके घन की तेवढ्या वजनाचे सोने पाण्याच्या भाषेत सव्वापाच लिटरांहून अधिक जागा व्यापीत नाही. एवढीशी वस्तू मोटारीत दडविणे कठीण नव्हते.

एखादे प्रसिद्ध चित्र चोरले तर चोरापुढे मोठीच अडचण उभी राहते. ते विकावयास काढले की लोक ओळखतात, आणि ओळखू येऊ नये म्हणून फाडले तर त्याची किंमत उरत नाही. सोन्याचे तसे नाही. १०६४ अंश सेल्सिअस उष्णता दिली की ते वितळते. राणीची मुद्रा, पान, अक्षरे सारी क्षणात पुसली जातात आणि सोने मात्र रतिभरही कमी होत नाही. बर्लिनचे नाणे पुन्हा कोणाच्या दृष्टीस पडले नाही. त्याचे तुकडे करून ते विकले गेले असावे, असा तपास करणाऱ्यांचा तर्क आहे.

तरीही सोन्यानेच चोरांविरुद्ध थोडी साक्ष दिली. दागिन्याचे बावीस कॅरट सोने शंभरात सुमारे ९२ भाग शुद्ध असते. हे नाणे शंभरात ९९.९९९ भाग शुद्ध होते, आणि असे सोने क्वचितच आढळते. संशयितांच्या कपड्यांवर आणि मोटारीत पोलिसांना सोन्याचे बारीक कण सापडले; त्यांची शुद्धता नाण्याशी जुळली. २० फेब्रुवारी २०२० रोजी न्यायालयाने तिघांस कारावासाची शिक्षा दिली. त्यांतील एकजण त्या संग्रहालयातच पहारेकरी होता! कुंपणानेच शेत खाल्ले, असे म्हणतात ते हेच.

ही चोरी धाडसाची होती खरी. पण तिने जगाचे नुकसान किती केले? मालकाची हानी मोठी झाली, यात संशय नाही. तथापि त्याच साच्याची इतर नाणी शिल्लक आहेत. ती कोणी, कोठे व केव्हा पाडली याची नोंद टांकसाळीत आहे. नवे नाणे हरवले तर मुख्यतः धातू हरवतो. जुन्या नाण्याची गोष्ट निराळी.

मोगल बादशहा जहांगीर यास मोठमोठी नाणी पाडण्याची हौस होती. शंभर तोळ्यांच्या मोहोरेस त्याने ‘नूरशाही’ असे नाव दिले होते. त्याने हे आपल्या आत्मचरित्रातच नमूद केले आहे. अशी नाणी तो मानाची भेट म्हणून देत असे. त्याची एक हजार मोहरांची एक मोहोर तर वजनाने १२ किलोच्या जवळपास आणि व्यासाने २० सेंटिमीटरांहून थोडी अधिक होती. ती इसवी सन १६१३ च्या सुमारास आग्र्यास पाडलेली. १९८७ मध्ये हे नाणे स्वित्झर्लंडमधील जिनिव्हा शहरी लिलावासाठी पुढे आल्याचे समजताच भारतात खळबळ उडाली. केंद्रीय अन्वेषण विभागाने चौकशी केली. पण नाणे भारतात परत आले नाही. बर्लिनच्या नाण्यापुढे ते वजनाने आठवा हिस्साच. परंतु आग्र्याच्या टांकसाळीतील कारागिरांनी एवढ्या मोठ्या चकतीवर फारसी अक्षरे कशी उमटविली, हे सांगणारे ते स्वतःच एक साधन आहे.

जहांगीराचा पुत्र शाहजहान याचे दोनशे मोहरांचे एक नाणे एकोणिसाव्या शतकात पाटणा येथे होते. पुढे ते नाहीसे झाले. बहुधा वितळविले गेले. मात्र तत्पूर्वी कोणा जाणत्या माणसाने त्याचा ठसा उतरवून घेतला होता. तो लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात आहे आणि त्यावरून नाण्यावरील मजकूर आजही वाचता येतो. सराफाच्या दृष्टीने त्या ठशाचे मोल शून्य!

आकार मोठा असलाच पाहिजे असेही नाही. १६७४ मध्ये रायगडावर राज्याभिषेक झाला, त्या सुमारास शिवाजी महाराजांनी सोन्याचे होन पाडले. होनाचे वजन तीन ग्रॅमही भरत नाही. एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’, एवढाच मजकूर. आज हे होन फार थोडे उरले आहेत. जुने सोने पिढ्यानपिढ्या मुशीत जात राहिले. त्यात असे किती होन आटले असतील, याची गणती कोण करणार?

मुशीतून आणि खजिना शोधणाऱ्यांच्या हातून वाचलेल्या अशा ठेव्याचे एक उत्तम उदाहरण पालघर जिल्ह्यातच आहे. २०१४ मध्ये ठाणे जिल्ह्यातून हा जिल्हा वेगळा झाला, तेव्हा वसई तालुक्यातील सोपारे गावही त्यात आले. प्राचीन काळी हे ‘शूर्पारक’ नावाचे मोठे बंदर होते. तेथील एका उंचवट्यास लोक ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणत. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तो उंचवटा काळजीपूर्वक खणविला. तो कोट नव्हे, बौद्ध स्तूप निघाला. त्याच्या पोटात दगडी पेटी होती. तिच्या मध्यभागी तांब्याचा करंडक आणि त्याभोवती बुद्धांच्या आठ धातुमूर्ती होत्या. करंडकात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांच्या आत सोन्याचा, असे एकात एक करंडक निघाले. सोन्याची फुलेही होती. आणि एवढ्या थाटाने जपलेली वस्तू कोणती? मातीच्या भांड्याचे काही लहान तुकडे! ते बुद्धाच्या भिक्षापात्राचे म्हणून श्रद्धेने ठेवलेले असावेत.

याच ठेव्यात चांदीचे एक चिमुकले नाणे होते. त्यावर राजाचे मुख आणि ब्राह्मी लिपीत नाव : गौतमीपुत्र यज्ञश्री सातकर्णी. सोन्याच्या करंडकापुढे त्या चांदीची किंमत ती काय? एखाद्या लुटारूने करंडक व फुले उचलून नाणे कदाचित मातीतच भिरकावले असते. भगवानलालांनी मात्र कोणती वस्तू कोणत्या वस्तूत होती, हे क्रमाने लिहून ठेवले. नाणे झिजलेले नव्हते; म्हणजे ते फार हातांतून फिरण्याआधीच येथे ठेवले गेले. यज्ञश्री सातकर्णी इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात राज्य करीत होता. तेव्हा हा ठेवाही त्याच सुमाराचा, असे अनुमान करता आले. भोवतीच्या मूर्ती घडणीवरून कित्येक शतके नंतरच्या दिसतात. त्यावरून स्तूप मध्यंतरी एकदा उघडून पुन्हा बंद केला असावा, हेही उमगले. या राजाचे नाव नाशिक आणि कान्हेरी येथील लेण्यांतही कोरलेले आहे. सोपाऱ्याच्या स्तूपातील हे अवशेष मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात आहेत.