सकाळचा ताठरपणा किती मिनिटांचा?

सांधे दुखतात म्हणून डॉक्टरांकडे गेलं, की एक प्रश्न हमखास येतो : सकाळी उठल्यावर अंग मोकळं व्हायला किती वेळ लागतो? बरेच जण ‘लागतो थोडा वेळ’ म्हणून मोकळे होतात. खरं तर घड्याळ बघून सांगावं इतकं हे उत्तर महत्त्वाचं आहे. चार पावलं टाकली आणि अर्ध्या तासाच्या आत गुडघे सुटले, तर बहुधा तो झिजेचा संधिवात. पण बोटं, मनगटं तासभर आखडलेलीच राहत असतील, दोन्ही हातांचे सांधे सुजत असतील, तर आमवाताची म्हणजे रुमॅटॉइड आर्थरायटिसची शंका घ्यावी.

आमवातात शरीराची प्रतिकारयंत्रणाच सांध्याच्या आतल्या अस्तरावर हल्ला करते. दाह वाढवणारी रसायनं रक्तात पहाटेच्या सुमारास जास्त असतात, म्हणून सकाळ सगळ्यात अवघड जाते. पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि सहकाऱ्यांनी १९९६ साली भिगवणला घरोघरी पाहणी केली. तिथे १०० प्रौढांमागे सुमारे १८ जणांना सांध्या-स्नायूंच्या तक्रारी होत्या; आमवात मात्र २०० मागे साधारण एकाला. संख्येने कमी असला तरी याला वेळ देऊन चालत नाही, कारण औषध लवकर सुरू झालं तर सांधे वाकडे होण्याचं बरंचसं टळतं. मेथोट्रेक्सेट हे त्यातलं मुख्य औषध सहसा आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं तर जिवावर बेततं. घरातल्या सगळ्यांनाच हे माहीत हवं.

झिजेच्या संधिवाताची गोष्ट वेगळी. हाडांच्या टोकांवरच्या गुळगुळीत कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण सांध्यातल्या द्रवातून होतं. पाऊल टाकलं की कूर्चा दबते, उचललं की मोकळी होते, आणि या दाबण्या-सुटण्यातून तो द्रव तिच्यात खेळता राहतो. त्यामुळे ‘वंगण संपलंय, आता गुडघा जपा, चालू नका’ हा आपल्याकडे सर्रास दिला जाणारा सल्ला मला घातक वाटतो. बसून राहिलं की मांडीचे स्नायू बारीक होतात आणि त्यांनी पेलायचा भार गुडघ्यावर येतो.

खुर्चीवर बसून एक पाय समोर सरळ करायचा, पाच-सहा सेकंद धरायचा, हळू खाली आणायचा. इतकं तरी रोज व्हावं. करताना थोडं दुखलं तर घाबरू नये. दोन तासांनंतरही दुखणं आधीपेक्षा जास्त असेल तर दुसऱ्या दिवशी प्रमाण कमी करावं, बंद करू नये. वजन जास्त असेल तर तेही बघावं : किलोभर वजन उतरलं, की चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी हलका होतो, असं २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं होतं.

खरी ओढाताण घरकामात होते. विळीवर बसून भाजी चिरणं, उकिडवं बसून कपडे धुणं, भारतीय पद्धतीचा संडास, या सगळ्यात गुडघा पूर्ण दुमडतो आणि वाटीमागचा दाब फार वाढतो. ओट्याशी उंच स्टुलावर बसून चिरावं, कमोडची किंवा कमोड-खुर्चीची सोय करावी. यात लाड कसले? बोटं दुखत असतील तर पिशवी बोटांत न लटकवता कोपराजवळ अडकवावी, कणीक तळहाताच्या जोरावर मळावी, ओला कपडा नळाभोवती गुंडाळून पिळावा. नुसता ताठरपणा असेल तर शेक बरा. सांधा सुजून गरम झाला असेल तर बर्फ कापडात गुंडाळून लावावा.

‘साइड इफेक्ट नसलेल्या’, दोन दिवसांत गुण देणाऱ्या बेनामी पुड्यांपासून लांब राहावं. त्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळल्याची उदाहरणं आहेत. हाडं ठिसूळ होतात, साखर वाढते, आणि अचानक थांबवलं तर माणूस कोसळू शकतो.

काठीला मात्र लोक उगाच लाजतात. ती दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरायची आणि दुखऱ्या पायाबरोबर पुढे टाकायची. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी काठी आणि दुखरा. हात सरळ खाली सोडून उभं राहिल्यावर मूठ मनगटाच्या घडीशी आली, की काठीची उंची बरोबर आहे.