आर भाषेतले क्लास आणि भाताची चाचणी

कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्राने 'कर्जत-३', 'कर्जत-७' असे भाताचे वाण दिले. समजा, कळंबच्या खाचरात चार वाणांची चाचणी घेतली: तीन रिप्लिकेशन, म्हणजे १२ वाफे. उत्पादनाचे आकडे घेऊन कृषीचा विद्यार्थी आर उघडतो, आणि क्लासबद्दलचे गैरसमज तिथेच नडतात.

गैरसमज: क्लास हा प्रोग्रामरांचा विषय, आकडेमोड करणाऱ्याचा नाही.

वस्तुस्थिती: वाणांना १ ते ४ क्रमांक दिले, तर आर त्या रकान्याचा क्लास, म्हणजे डेटाचा प्रकार, संख्या असा मानतो. मग अनोव्हा करणारं 'एओव्ही' फंक्शन वाणांची आपसात तुलना करतच नाही. क्रमांक एकाने वाढला की उत्पादन किती बदलतं, याची सरळ रेषा बसवतो. वाणांचे डीएफ (स्वातंत्र्याचे अंश) ३ हवेत, तिथे १ येतो. रिप्लिकेशनचेही असेच आकडे राहिले, तर २ ऐवजी १, आणि त्रुटीचे ६ ऐवजी ९. एकही सूचना येत नाही; नीटनेटका तक्ता छापला जातो आणि निष्कर्ष मात्र भलताच निघतो. म्हणून दोन्ही रकाने आधी 'फॅक्टर', म्हणजे गट दाखवणाऱ्या क्लासचे, करावेत, आणि तक्ता आला की पहिली नजर डीएफवर टाकावी, हे मी आग्रहाने सांगेन. उलट्या वाटेवरही खड्डा आहे. नत्राच्या ५०, ७५, १०० किलो या मात्रा फॅक्टर असताना थेट संख्येत बदलल्या, तर हाती १, २, ३ येतात, कारण फॅक्टरच्या आत पूर्णांक साठवलेले असतात. आधी मजकूर करावा, मग संख्या.

गैरसमज: वारसा म्हणजे जनकाचे गुण संततीत उतरणं.

वस्तुस्थिती: भाताच्या संकरात तसं घडतं, आरच्या एस३ या क्लास-पद्धतीत नाही. साध्या एओव्हीच्या निकालावर दोन नावं ओळीने असतात, आधी 'एओव्ही', मग 'एलएम' (रेषीय मॉडेल). 'समरी' मागितली की आर एओव्हीची समरी शोधतो. ती सापडते, म्हणून अनोव्हाचा तक्ता येतो. 'प्लॉट' मागितला, तर एओव्हीचा स्वतंत्र प्लॉट नसल्याने एलएमचा चालतो. एस३मधला वारसा म्हणजे शोधण्याचा हा क्रम. जावा शिकून आलेले मेथड (एखाद्या क्लाससाठीची कृती) क्लासच्या आत शोधतात. इथे ती 'प्लॉट'सारख्या फंक्शनशी जोडलेली असते. नावं खरी आहेत का, हेही एस३ तपासत नाही. साध्या आकड्यावर 'एलएम' लिहिलं तरी ते खपतं.

अशी तपासणी हवी असेल तर एस४ ही आरची दुसरी क्लास-पद्धत आहे. त्यात कोणत्या खणात काय बसेल, हे आधी जाहीर करावं लागतं. हे सगळं आरवर मागाहून चिकटवलेलं आहे, असं मानणाऱ्यांनी इतिहास पाहावा. बेल लॅब्जमध्ये जॉन चेंबर्स आणि सहकाऱ्यांच्या एस या आरच्या पूर्वज भाषेत एस३ची मांडणी १९९२च्या पुस्तकात आली, एस४ची १९९८च्या. आरची १.०.० आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० ची.

आणखी एक. फंक्शनने आत डेटा बदलला की मूळ डेटाही बदलतो, असं अनेकांना वाटतं. सहसा तसं होत नाही: बदल फंक्शनच्या प्रतीत होतो, आणि निकाल नावाला जोडला नाही तर तो हरवतो. रेफरन्स क्लास आणि आर६ या आरमधल्या आणखी दोन क्लास-पद्धतींचे ऑब्जेक्ट मात्र जागच्या जागी बदलतात.