केईएमच्या सिस्टर आणि चार नंबर वॉर्डची खोली

परळचे केईएम रुग्णालय महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांना कुणा ना कुणाच्या आजारपणामुळे माहीत असते. तालुक्याच्या डॉक्टरांनी ‘आता मुंबईला न्या’ म्हटले की कोकणातून, मराठवाड्यातून माणसे रात्रीची गाडी पकडून इथे येतात. सुमारे १८०० खाटा, पहाटेपासून केसपेपरची रांग, जिन्याखाली चटई टाकून झोपलेले नातेवाईक. महापालिकेचे हे रुग्णालय १९२६ साली सुरू झाले. त्याला जोडलेले मेडिकल कॉलेज सेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या नावाच्या देणगीतून उभे राहिले आणि त्या देणगीला एक अट होती: इथे शिकवणारे डॉक्टर भारतीयच असावेत. इंग्रजांच्या अमलात ही अट घालायला हिंमत लागत होती.

पण केईएमची खरी ओळख मला तिथल्या कोणत्याही अवघड शस्त्रक्रियेपेक्षा चार नंबर वॉर्डला लागून असलेल्या एका लहान खोलीत दिसते. त्या खोलीत एक रुग्ण जवळजवळ बेचाळीस वर्षे होती आणि ती या रुग्णालयाचीच नर्स होती.

अरुणा शानबाग मूळच्या कर्नाटकातल्या हळदीपूरच्या. २७ नोव्हेंबर १९७३ च्या संध्याकाळी ड्युटी संपवून त्या तळघरातल्या खोलीत कपडे बदलायला गेल्या. तिथे रुग्णालयाच्याच एका सफाई कामगाराने त्यांच्यावर पाशवी हल्ला केला. कुत्र्याला बांधायच्या साखळीने गळा आवळला गेला, मेंदूचा प्राणवायू तुटला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या सापडल्या तेव्हा जीव होता, पण दृष्टी, वाचा आणि हातापायांवरचा ताबा गेला होता. आरोपीला खुनाचा प्रयत्न आणि लूट एवढ्यासाठीच सात वर्षांची शिक्षा झाली. अत्याचाराचा आरोप त्याच्यावर ठेवलाच गेला नाही.

तेव्हा अरुणा पंचवीस वर्षांच्या होत्या. १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा सहासष्ट वर्षांच्या. मधल्या काळात त्यांना सांभाळले ते केईएमच्या सिस्टरांनी, मावशींनी आणि वॉर्डबॉयनी. दिवस मोजले तर पंधरा हजारांवर जातात. दिवसाच्या तीन पाळ्या धरल्या तर पंचेचाळीस हजारांहून जास्त पाळ्या होतात. यातल्या कुणा एका सिस्टरचे नाव लिहून ‘हिने सांभाळले’ असे म्हणता येत नाही. ज्यांनी पहिल्या वर्षी त्यांना आंघोळ घातली त्या कधीच निवृत्त झाल्या. ज्यांनी शेवटच्या महिन्यात तोंड पुसले त्यांच्यातल्या कितीतरी जणींचा १९७३ साली जन्मही झाला नव्हता.

मग ही सेवा एका पिढीकडून दुसरीकडे गेली कशी? रुग्णालयाने सर्वोच्च न्यायालयात जे सांगितले त्यात याचे उत्तर आहे. नवी नर्स कामावर आली की तिला त्या खोलीत नेऊन अरुणांची ओळख करून दिली जाई, ही आपल्यातलीच आहे म्हणून. एक जूनला सिस्टर त्यांचा वाढदिवस साजरा करत. मासळी त्यांना आवडे, ती मऊ करून भरवली तर चेहऱ्यावर हसू येई, हे त्या एकमेकींना सांगत. कोणता आवाज भुकेचा, कोणता कपडे ओले झाल्याचा, हे कुठल्या पुस्तकात लिहिलेले नव्हते. २०१० च्या सप्टेंबरमध्ये मलेरियाचा ताप आला तोपर्यंत त्या तोंडानेच जेवत होत्या. नळीवर भर द्यावा लागला तो त्यानंतर. ज्याला गिळायला वेळ लागतो अशा माणसाला रोज भरवायचे तर एकेक घास थांबून द्यावा लागतो, आणि त्याच वेळी बाहेर वॉर्डात इतर रुग्ण हाका मारत असतात.

आणि एक गोष्ट तर वैद्यकीय जगाला चकित करणारी. एवढ्या वर्षांत त्यांच्या अंगावर एकही बेडसोअर, म्हणजे झोपून झोपून होणारी जखम, झाली नाही, असे रुग्णालयाने न्यायालयाला सांगितले.

ज्यांच्या घरात अम्मी किंवा अब्बा पक्षाघाताने अंथरुणाला खिळले आहेत त्यांना या वाक्याचे वजन वेगळे सांगायला नको. ही जखम चार दिवसांतही होऊ शकते. माकडहाड, टाचा, खुबे, खांद्याचे हाड, डोक्याचा मागचा भाग, म्हणजे जिथे हाड कातडीजवळ आहे तिथे अंगाचाच भार रक्त अडवतो. कातडी आधी लाल होते. बोटाने दाबल्यावर ती लाली जात नसेल तर धोका सुरू झाला असे समजावे, आणि त्या जागी चोळू नये. चोळल्याने आतले मांस आणखी दुखावते. वॉर्डातला नियम म्हणजे दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. माणसाला ओढून सरकवायचे नाही, खालच्या चादरीसकट दोघांनी उचलून सरकवायचे. चादरीला सुरकुती नको, खाली बिस्किटाचा कण नको, ओल तर मुळीच नको. पोटऱ्यांखाली उशी ठेवली की टाचा अधांतरी राहतात. भरवताना पाठ उंच ठेवायची आणि नंतर अर्धा तास तशीच राहू द्यायची, नाहीतर घास श्वासनळीत जातो. हवेची गादी आणली म्हणून कूस बदलण्यातून सुटका नाही, हे दुकानदार सांगत नाही म्हणून इथे लिहून ठेवते.

आपल्याकडे आजारी माणसासाठी दोन शब्द आहेत: इयादत आणि तीमारदारी. इयादतीला आख्खा मोहल्ला येतो. फळांच्या पिशव्या येतात, दुआ होतात, चहाची तिसरी खेप होते. तीमारदारी मात्र एकाच माणसावर पडते, बहुतेक घरांत सुनेवर नाहीतर लग्न न झालेल्या मुलीवर. केईएमच्या सिस्टरांना बेचाळीस वर्षे जमले ते त्यांच्या मोठ्या मनामुळे, हे खरेच. पण आठ तासांनी दुसरी सिस्टर येऊन रुग्ण ताब्यात घेत होती म्हणूनही जमले. घरातल्या सुनेची पाळी कधी संपतच नाही. भेटायला येणाऱ्या दहा जणांपैकी एकीने जरी ‘भाभी, तुम्ही दोन तास झोपा, मी बसते’ म्हटले, तर ती इयादत त्या घराला जास्त उपयोगी पडेल.

अरुणांची खाट सिस्टरांनी एकदा नव्हे, अनेकदा राखली. १९८० च्या दशकात महापालिकेने त्यांना दुसरीकडे हलवून खाट मोकळी करायचे दोनदा ठरवले. कागदावर त्यात चूक नव्हती. बाहेर रुग्ण जमिनीवर झोपत होते आणि या रुग्णात सुधारणा होणार नव्हती. सिस्टर आंदोलनाला उभ्या राहिल्या आणि बेत सोडून द्यावा लागला.

दुसरा प्रसंग जास्त अवघड होता. पत्रकार पिंकी विराणी यांनी अरुणांवर पुस्तक लिहिले होते. त्यांनी सर्वोच्च न्यायालयाकडे मागणी केली की या यातना थांबू द्याव्यात, भरवणे बंद करून अरुणांना शांतपणे जाऊ द्यावे. विराणी अरुणांच्या वैरी नव्हत्या. जग ही घटना विसरून गेले असते, ती जिवंत ठेवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. न्यायालयाने तीन डॉक्टरांची समिती पाठवली. ७ मार्च २०११ रोजी निकाल लागला: अरुणांच्या वतीने बोलण्याचा हक्क विराणींचा नाही, ज्यांनी रात्रंदिवस सांभाळले त्या केईएमच्या कर्मचाऱ्यांचा आहे, आणि त्यांना अरुणा जगायला हव्या आहेत. त्या दिवशी सिस्टरांनी मिठाई वाटली. याच निकालाने असाध्य अवस्थेतल्या रुग्णाचे कृत्रिम उपचार कडक अटींवर थांबवण्याची वाटही पहिल्यांदा मोकळी केली. असा निर्णय घेण्याची वेळ देशातल्या कितीतरी कुटुंबांवर येते, आणि तो कायदा ज्या खाटेवरून आला तिथल्या माणसांनी स्वतः त्या वाटेने जायला नकार दिला होता. मला तरी यात विसंगती वाटत नाही. निर्णय सेवा करणाऱ्याचा असावा, एवढेच न्यायालय म्हणत होते.

या कामाला आपण किती मान देतो, हाही प्रश्न आहे. मुलगी डॉक्टर व्हावी म्हणून आपल्याकडे कर्ज काढतात, नर्सिंगचा फॉर्म आणला की ‘रात्रपाळी असते’ म्हणून बाजूला ठेवतात. मदिनेत जखमींसाठी तंबू उभारणाऱ्या हजरत रुफैदा (रजि.) यांचे नाव जलशात अभिमानाने घेणाऱ्या घरांतही हेच चालते. रात्रपाळीची भीती निराधार आहे असे मात्र मी म्हणणार नाही. मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात साध्या वॉर्डात तीन रुग्णांमागे एक नर्स असावी, असे भारतीय परिचर्या परिषदेचे प्रमाण आहे. कोणत्याही सरकारी रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात रात्री दहानंतर उभे राहून खाटा मोजाव्यात आणि मग सिस्टर मोजाव्यात.

१९७३ च्या त्या हल्ल्यानंतर मुंबईतल्या परिचारिकांनी संप केला होता. त्यांच्या मागण्या होत्या सुरक्षितता आणि कामाच्या ठिकाणी धड परिस्थिती. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्युटीवरच्या डॉक्टर मुलीची हत्या झाली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयात अरुणा शानबाग हे नाव पुन्हा घेतले गेले आणि रुग्णालयांतल्या सुरक्षेसाठी राष्ट्रीय कृती दल नेमले गेले. न्यायालयाने आपल्या आदेशात ज्या उणिवा नोंदवल्या त्यात एक अशी होती की रात्रपाळी करणाऱ्यांना विश्रांतीसाठी पुरेशा खोल्या नाहीत.