इसिद्रो फाबेला : मेक्सिकोचा एक मुत्सद्दी

ता. १९ मार्च १९३८ रोजीं जिनीव्हा येथील राष्ट्रसंघाच्या कचेरींत एक पत्र दाखल झालें. तें मेक्सिकोचे प्रतिनिधि इसिद्रो फाबेला यांचें होतें. अवघ्या आठवड्यापूर्वीं हिटलरच्या फौजांनीं ऑस्ट्रिया गिळंकृत केला होता. ब्रिटन व फ्रान्स यांनीं बर्लिनला नाराजी कळविली. राष्ट्रसंघापुढें मात्र तो प्रश्न नेला नाहीं. फाबेला यांनीं संघाच्या सनदेंतील १० व्या कलमावर बोट ठेवलें. प्रत्येक सभासद-राष्ट्राच्या सरहद्दी व स्वातंत्र्य राखण्याचें वचन त्या कलमानें सर्वांनीं परस्परांस दिलें होतें. व्हिएन्नाच्या सरकारनें सत्ता सोडली, ही सबब ऐकून घेण्यासारखी नव्हे. बळाच्या धाकानें मिळविलेली संमति ती संमतीच नव्हे, असा त्यांचा वकिली युक्तिवाद होता.

या धैर्याची किंमत समजण्यासाठीं आणखी एक तारीख ध्यानांत घ्यावी लागते. आदल्याच दिवशीं, १८ मार्च रोजीं, अध्यक्ष लासारो कार्देनास यांनीं ब्रिटिश व अमेरिकन कंपन्यांच्या ताब्यांतील तेलाचा धंदा राष्ट्राच्या मालकीचा केला होता. मे महिन्यांत ब्रिटनशीं राजनैतिक संबंध तुटले. कंपन्यांनीं बहिष्कार घातला, तेव्हां मेक्सिकोला आपलें तेल जर्मनी व इटली यांनाच विकावें लागलें. ज्याच्या कृत्याचा निषेध केला, त्याच्याच दारीं माल न्यावा लागला! तरीहि निषेधाचें पत्र मागें घेतलें गेलें नाहीं.

फाबेला यांचा जन्म २८ जून १८८२ चा, आत्लाकोमुल्को गांवचा. १९०८ सालीं ते वकील झाले. क्रांतीच्या धामधुमींत वेनुस्तियानो कार्रान्सा यांच्या पक्षाचें परराष्ट्र-खातें त्यांच्याकडे आलें. १९१४ च्या फेब्रुवारींत बेंटन नांवाचा एक ब्रिटिश गृहस्थ पांचो व्हिया याच्या माणसांकडून मारला गेला. अमेरिकेनें विचारणा करतांच उत्तर गेलें कीं, माणूस ब्रिटिश, तेव्हां ब्रिटननेंच विचारावें. यांत खोंच होती. ब्रिटननें कार्रान्सांच्या शत्रूचें, ह्युएर्ताचें, सरकार मान्य केलें होतें. विचारायचें म्हणजे कार्रान्सांची दखल घेणें आलें. पुढें एप्रिलांत अमेरिकन सैन्य व्हेराक्रुझ बंदरांत उतरलें. तो घाव ह्युएर्तावर होता, म्हणजे कार्रान्सांच्या लाभाचाच. पण त्यांनीं तोहि निषेधिला. परकी फौज ती परकीच, मग ती कोणाच्याहि सोयीची असो. नोव्हेंबरांत ती परत गेली.

१९३९ च्या आरंभीं स्पेनचें प्रजासत्ताक कोसळलें आणि लाखों निर्वासित सरहद्द ओलांडून फ्रान्समध्यें आले. फाबेला त्यांच्या छावण्यांतून स्वतः हिंडले. उघड्या वाळूवर कांटेरी तारांच्या आड पडलेलीं तीं माणसें पाहून त्यांनीं कार्देनास यांस सविस्तर लिहिलें. पुढें सुमारें २०,००० स्पॅनिश निर्वासितांना मेक्सिकोनें थारा दिला. कार्देनास यांस पाठविलेलीं हीं पत्रें १९४७ सालीं छापलीं गेलीं. खलित्यांच्या कोरड्या भाषेस कंटाळलेल्या वाचकानें तीं अवश्य पाहावीं.

१९४२ ते १९४५ ते आपल्या प्रांताचे गव्हर्नर होते. १९४६ ते १९५२ हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे न्यायाधीश. मग ते इतिहासाकडे वळले. मेक्सिकन क्रांतीचा राजनैतिक इतिहास त्यांनीं दोन खंडांत लिहिला. लेखक स्वतःच त्या घडामोडींतला, त्यामुळें निवाड्यापेक्षां साक्ष म्हणूनच तो वाचणें बरें. फाबेला यांना याची जाणीव असावी, कारण मूळ कागदपत्रांची ग्रंथमालाहि त्यांनीं काढली. १९६४ च्या ऑगस्टांत त्यांचें निधन झालें. मालेचें उरलेलें काम पत्नी होसेफिना यांनीं पुढें चालविलें.

व्हिएन्ना येथें डॅन्यूब नदीकाठीं एक चौक आहे. १९५६ सालीं त्या शहरानें त्याला मेक्सिकोचें नांव दिलें.