पाळणा सुटतो तेव्हा

रात्री २ च्या सुमारास 'धप्प' असा आवाज झाला आणि पाठोपाठ रडणे. पाळण्यातून नुकतीच पलंगावर आलेली आमची नात खाली पडली होती. सुदैवाने खाली सतरंजी होती. सकाळपर्यंत उलटी नाही, गुंगी नाही, हे पाहिले तेव्हा कुठे आमचा जीव भांड्यात पडला.

मूल पाळण्याच्या कठड्यावर पाय टाकू लागले, किंवा उंची ९० सेंटिमीटरच्या घरात गेली, की पाळणा सोडायची वेळ आली असे समजावे. मग आपण काय करतो? पलंग भिंतीला टेकवतो, कडेला उशा रचतो. पण उशा सरकतात, आणि गादी व भिंत यांच्यातल्या फटीत लहान जीव अडकू शकतो. पलंगाला लावायचा विकतचा कठडाही २ वर्षांखालच्या मुलासाठी नव्हे. तिथेही तशीच फट राहते. दुमजली पलंगाचा वरचा मजला तर ६ वर्षांपर्यंत नकोच.

पण पडण्याची भीती हा निम्माच भाग झाला. पाळण्यातले मूल जाग आल्यावर हाक मारते; पलंगावरचे उठून चालू लागते. म्हणजे आता सारी खोलीच त्याचा पाळणा. खिडकीला गज हवेत, पलंग तिच्यापासून दूर हवा, कपाट भिंतीला पक्के बसवलेले हवे, पडद्याच्या दोऱ्या हाताला न येणाऱ्या हव्यात.

आम्ही हे सारे केले आणि नातीची गादी सरळ जमिनीवर घातली. आम्ही भावंडे अशीच झोपत असू. तेव्हा घरात पलंग नव्हता, याचे आईला वाईट वाटे.